कळांच्या औषधाला किती दोष द्यायचा?

महोदय,

कळा येण्यासाठी सलाइनमधून औषध दिलं की बाळाला कावीळ होते, असं आमच्या ठाण्यात सर्रास बोललं जातं. ते अगदीच निराधार नाही. हे औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. ते शरीरात पाणी धरून ठेवतं. ते ग्लुकोजच्या पाण्यातून भरपूर गेलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं, बाळाच्या तांबड्या पेशी फुगून फुटतात आणि बिलिरुबिन (पेशी फुटून तयार होणारं, यकृताने बाहेर टाकायचं पिवळं द्रव्य) वाढतं, असं १९७०च्या दशकात मांडलं गेलं. पुढच्या अभ्यासांत मात्र एकमत झालं नाही. कळा आणवलेली बाळं बऱ्याचदा थोडी आधीच जन्मतात आणि त्यांचं यकृत कच्चं असतं. मग दोष औषधाचा की तारखेचा? (मुहूर्त गाठण्यासाठी प्रसूती उरकून घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.)

दिवस भरलेल्या १०० पैकी साधारण ६० बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते. मला खटकतं ते पुढचं. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये गॅलरीच्या काचेआडून बाळाला ऊन दाखवत बसतात, कुणी काविळीची माळ घालतं. पहिल्या २४ तासांतली कावीळ, पिवळे तळपाय, दूध न पिता झोपून राहणारं बाळ, इथे रक्ततपासणी आणि लागल्यास निळ्या दिव्याखालचा उपचारच (फोटोथेरपी) हवा. बिलिरुबिन तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असतं, नेमकं तेव्हाच बाळंतीण घरी आलेली असते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर पुन्हा दाखवण्याची तारीख आणि आईचा रक्तगट ठळक लिहावा. आई ओ गटाची किंवा आरएच निगेटिव्ह असेल तर विशेषच, कारण बाळाचा गट तिच्याशी जुळला नाही तर कावीळ वाढू शकते.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)