बांबोळीला बाळाजवळ राहणाऱ्या आयांसाठी आवाहन

नमस्कार मंडळी, सगळ्या वाड्यांवरच्या काकू, वहिनी, दादा आणि पणजी-मडगावला स्थायिक झालेले आपले सगळे,

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (जीएमसी) भरती असलेल्या बाळाजवळ आईला राहता यावं म्हणून चालवलेला आपला माय-बाळ फंड संपत आलाय म्हणून घाईत लिहिते. पण ज्यांनी आधी दिलं त्यांचं नाव न काढता परत हात पसरणं मला जमत नाही. आपल्या फुगडी पथकाने चवथीच्या स्पर्धेचं बक्षीस आख्खंच्या आख्खं फंडात टाकलं, बायांनी साड्यांचा खर्चसुद्धा त्यातून काढून घेतला नाही. जत्रेच्या नाटकात पोरांनी मध्यंतराला ताट फिरवलं. केरीच्या एका आजीने काजूच्या बिया विकून आलेले पैसे रुमालात बांधून आणून दिले, नाव लिहू नको म्हणाली म्हणून लिहीत नाही, पण आजी, त्या पैशांवर एक आई बाळ घरी येईपर्यंत तिथे राहू शकली.

बाळ जीएमसीत पोचलं, मशीनवर ठेवलं, मग आपलं काय काम, असं काहीजण विचारतात. लवकर जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे आतल्या हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा पदार्थ, पुरेसं नसतं, ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास ते नीट तयार होतं, ते कमी पडलं की श्वास सोडताना फुफ्फुसातल्या बारीक पिशव्या मिटतात आणि बाळ श्वास ओढून ओढून थकतं. पूर्ण दिवसांच्या बाळालाही धाप लागते, पोटातच शी होऊन ती श्वासात गेली किंवा इन्फेक्शन झालं तर. नळीतून सर्फॅक्टंट, सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं मशीन), व्हेंटिलेटर हे डॉक्टर-नर्स जीव तोडून बघतात. पण पुढचे दिवस पण तेवढेच नाजूक. बाळ गार पडलं की ऑक्सिजन जास्त लागतो, इन्फेक्शन झालं की सुधारलेलं बाळ परत मशीनवर जातं. इन्फेक्शनपासून जपतं ते आईचं दूध, आणि ते टिकवायला दिवस-रात्र दर दोन-तीन तासांनी काढावं लागतं, शिवाय बाळ जरा स्थिर झालं की छातीशी उघडं धरायचं असतं. आई तिथे नसेल तर हे करणार कोण? टाके ओले असलेली बाई वाळपईहून बस बदलत रोज जाणार?

गेल्या वर्षी हेच ग्रुपवर घातलं तेव्हा अंगठे आणि जोडलेले हात भरपूर आले, पैसे मात्र ठराविक घरांतूनच. पालखीच्या वर्गणीला आपल्यात कोणी मागे राहत नाही, म्हणून जास्त लागलं मनाला.

आणि घरात गरोदर बाई असेल तर हे पण वाचा, दिवस भरायच्या आधी कळा आल्या किंवा पाणी गेलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. ३४ आठवड्यांच्या आत आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं मिळाली तर बाळाच्या फुफ्फुसांना फार मदत होते, पण असर व्हायला वेळ लागतो म्हणून लवकर पोचणं महत्त्वाचं.

पैसे लागतात ते खोलीभाडं, जेवण, बसभाडं, दूध काढायचे पंप, आणि नंतर लवकर जन्मलेल्या बाळाला डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीला न्यायला, ती पहिली तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत व्हावी लागते, चुकवायची नाही. ५० रुपये पण चालतील. गुगल पे खजिनदारांच्या नंबरवर, ग्रुपवर वर पिन केलाय, रोख असेल तर रविवारी ४ ते ६ देवळाच्या मंडपात, पावती मागून घ्या. सुती टोप्या-मोजे धुऊन आणा. बांबोळी-सांताक्रूझ भागात कोणाची खोली रिकामी असेल तर आजच कळवा, एक आई सध्या कॉरिडॉरमध्ये झोपते.

सेक्रेटरी, महिला मंडळ