आधी भिंत ठोकून पाहा, मग रंगवा: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सौंदर्यीकरणाच्या भिंती वस्तीतल्या लोकांसोबत कार्यशाळा घेऊन करण्याबाबत

महोदय,

2016 मध्ये स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाले आणि भिंती रंगवणे हे नगरपालिकांचे नेहमीचे काम होऊन बसले. निविदा चौरस फुटावर निघते, मार्चअखेर बिल निघावे म्हणून काम उरकले जाते आणि दिवाळीपर्यंत रंगाचे पापुद्रे लोंबू लागतात. खापर चित्रकारावर फुटते. पण निविदेत फक्त क्षेत्रफळ असते, भिंतीची अवस्था कुणी लिहीतच नाही.

रस्त्याकडेच्या अनेक भिंतींमागे मातीचा भराव असतो. त्यातले पाणी भिंतीतून बाहेर येताना क्षार घेऊन येते आणि भिंतीला लोणा लागतो. अशा भिंतीवर कितीही भारी रंग मारा, तो सुटणारच. म्हणून आधी पाणी निघण्याची भोके मोकळी करावीत आणि गिलावा ठोकून पाहावा. बद्द आवाज आला की तो भाग काढायचा. नवा गिलावा 28 दिवस तरी सोडावा. पुट्टी टाळावी, कारण ओल आली की आधी तीच फुगते. जमिनीलगतचा फूटभर पट्टा चित्राबाहेर ठेवावा. तिथे पावसात चिखल उडतो.

जिथे लोकांना कामात घ्यायचे आहे तिथे आमची पसंती रंगाला नाही, फुटक्या टाइल्सच्या मोझॅकला आहे. गच्चीवरचा चायना मोझॅक आपल्या गवंड्यांना पाठ आहे आणि फुटक्या टाइल्स दुकानांच्या मागे पडलेल्या असतात. शिवाय रंगकामात हात बसलेला नसला की ते लगेच दिसते. मोझॅकमध्ये सत्तरीच्या आजी आणि सातवीतली मुलगी एकाच फुलावर काम करू शकतात.

चित्र आधी कागदावर पूर्ण मापात काढून एक-एक फुटाच्या चौकोनांत विभागायचे. त्यावर प्लास्टिक, वर फायबरची जाळी, आणि जाळीवर तुकडे चिकटवायचे. प्रत्येक चौकोनाला क्रमांक आणि वरची बाजू दाखवणारा बाण हवाच, नाहीतर भिंतीपाशी गोंधळ ठरलेला. टाइल गोणपाटात गुंडाळून फोडायची. चष्मा आणि हातमोजे सगळ्यांना, आणि हातोडी मोठ्यांच्याच हाती. जाळीसाठी लाकूडकामाचा साधा पांढरा गोंद स्वस्त पडतो म्हणून वापरतात. तो पाण्याने मऊ होतो आणि पहिल्या पावसाळ्यात तुकडे गळू लागतात. तिथे पाण्याला टिकणाराच गोंद घ्यावा.

एक माणूस दोन तासांत साधारण एक चौरस फूट लावतो. 40 फूट लांब आणि 6 फूट उंच भिंत म्हणजे 240 चौरस फूट, म्हणजे वीस जणांच्या बारा बैठका. 20 किलोची टाइल अॅढेसिव्हची पिशवी 40 ते 50 चौरस फुटांना पुरते, तेव्हा सहा पिशव्या धरा. भिंतीवर बसवणे मात्र गवंड्याचे काम आहे, आणि तो त्याच वस्तीतला असावा: पुढे तुकडा निखळला तर हाक मारायला जवळ असतो. दुसऱ्या दिवशी ग्राउटने, म्हणजे सांधे भरायच्या मसाल्याने, तुकड्यांमधल्या फटी भराव्यात आणि वरचे ग्राउट अर्ध्या तासात ओल्या स्पंजने पुसावे. ते वाळले की टाइलवर पांढरी साय धरते आणि ती खरवडण्यात दिवस जातो.

चित्र कशाचे, हे ठरवायची बैठक रात्री आठनंतर घ्यावी. दुपारी घेतली तर कामावर जाणारे सगळेच सुटतात. पहिला प्रश्न चित्राचा नसावा, या भिंतीपाशी रोज काय चालते हा असावा. कुठे दुचाक्या टेकतात, कुठे कपडे वाळतात. कुठे लोक लघवी करतात आणि त्यावर उपाय म्हणून देवांच्या टाइल्स लावल्या जातात. स्वच्छतागृह बांधायचे राहून जाते ते राहतेच.

वारलीबद्दलही बोलायला हवे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, तरी पालिकांच्या भिंतींवरची वारली बहुधा स्टेन्सिलने छापलेली असते. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चित्र, ज्या समाजातल्या बायका काढतात, त्या समाजातल्या कलाकारांना बोलवावे, त्यांचे मानधन अंदाजपत्रकात वेगळे दाखवावे आणि भिंतीवर त्यांचे नाव लिहावे. हे जमत नसेल तर वारली काढूच नये.

आमच्या मागण्या फार नाहीत. दरसूचीत भिंतीची तपासणी, दुरुस्ती आणि कार्यशाळा या स्वतंत्र बाबी असाव्यात, म्हणजे कार्यशाळा ठेकेदाराच्या मर्जीवर राहणार नाही. बिलातले 10 टक्के एक पावसाळा उलटून पुन्हा पाहणी होईपर्यंत राखून ठेवावेत. उरलेल्या टाइल्स आणि ग्राउटची एक पिशवी दुरुस्तीसाठी वस्तीतच ठेवावी. आणि हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच व्हावे, कारण एप्रिलमध्ये भिंत इतकी तापते की अॅढेसिव्हमधले पाणी तुकडा बसण्याआधीच उडते. त्यासाठी निविदा जुलैत निघायला हवी.

कळावे,

आपले,
भित्तिचित्र आणि मोझॅकचे काम करणारे कलाकार व गवंडी