क्रीटच्या सहलीचे फोटो शुक्रवारपर्यंत पाठवा

सर्व सदस्यांना नमस्कार.

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या आपल्या सहलीचे फोटो येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवणार आहोत. घरच्यांनाही जरूर आणा. प्रत्येकाने निवडक १५ फोटो शुक्रवारी रात्रीपर्यंत पाठवायचे आहेत.

• फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. नेहमीसारखे पाठवले तर पडद्यावर धूसर दिसतात.

• जागेचं किंवा पदार्थाचं नाव सोबत लिहा. हान्या शहराच्या बंदरातला दीपस्तंभ सगळ्यांनीच टिपलाय, त्याचा प्रत्येकी एक पुरे. क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्यातल्या लाल खांबांचे मात्र असतील तितके द्या, ते १५ मध्ये धरणार नाही. हे खांब ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी विसाव्या शतकात नव्याने उभारून घेतले, त्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

• खाण्याचे फोटो हवेतच! डाकोसचे तर नक्की: जवाचा कडक पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेलाची सढळ धार. आपल्या शाकाहारी मंडळींना तिथे मोठा आधार होता तो याचाच. पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल, म्हणून पदार्थ शाकाहारी की मांसाहारी तेही लिहा.

• टॅव्हर्नातल्या (तिथल्या खानावळीतल्या) आजी, दुकानदार, लहान मुलं यांचे फोटो परवानगी घेऊन काढले असतील तरच पाठवा. सहप्रवाशांचे फोटोही त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपबाहेर टाकू नका. हा नियम सगळ्यांना लागू आहे.

फोटो पाठवायला जमत नसेल तर शनिवारी सकाळी मोबाइल घेऊन हॉलवर या, आम्ही उतरवून घेऊ.

— सहल समिती