एका गावची नाणी एका जागी राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी या आमच्या पट्ट्यात शाळा, वाचनालयं आणि उत्सव मंडळं अलीकडे जुन्या नाण्यांची प्रदर्शनं हौसेनं भरवतात. मुलांची झुंबड उडते आणि ते पाहून मला मनापासून आनंद होतो. मात्र या प्रदर्शनांत एक गोष्ट राहून जाते. वर सोनं, त्याखाली चांदी, मग तांबं आणि अगदी कोपऱ्यात शिसं अशी मांडणी असते. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'सातवाहन, शिसे'. नाणं कुठल्या गावात मिळालं ते कुठेच नसतं.

मी पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने कोरणारा. उमेदीची सगळी वर्षं उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेली. माझा संग्रह लहान आहे आणि एकाच गावचा आहे. ते गाव म्हणजे कोल्हापूरची ब्रह्मपुरी, पंचगंगेकाठची जुनी वस्ती. माझे सासरे कोल्हापूरचे. त्यांच्या तरुणपणी एका तांबटाकडे मोडीत आलेली शिशाची नाणी त्यांनी मोडीच्याच भावानं घेतली आणि प्रत्येकाबरोबर मोडी लिपीत लिहिलेली चिठ्ठी ठेवली: 'ब्रह्मपुरी, नदीकडचा उतार.' त्या चिठ्ठ्या नसत्या तर माझ्याकडे नुसते शिशाचे गोळे उरले असते, असं मी आल्यागेल्याला सांगतो.

ब्रह्मपुरीत १९४४ साली प्रा. कुंदणगार यांनी खोदकाम केलं, त्यापाठोपाठ डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी. भाजक्या विटांची घरं निघाली. त्या परिसरात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आजही टाउन हॉलच्या संग्रहालयात पाहायला मिळते. परदेशी मालाशी संबंध असलेल्या या गावात बाजारहाट चालायचा तो मात्र शिशाच्या आणि पोटीनच्या (तांब्यात कथील-शिसं मिसळलेल्या धातूच्या) नाण्यांवर. त्यांच्या एका बाजूला बाण चढवलेलं धनुष्य आणि भोवती ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर आणि कठड्यातलं झाड. नावं तीन वाचली गेली आहेत: वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर. इतिहासकार यांना कुर राजे म्हणतात. ते सातवाहनांचे मांडलिक होते की स्वतंत्र, यावर अजून वाद आहे. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानं आपल्या ग्रंथात पैठणच्या पुळुमावी या सातवाहन राजाप्रमाणेच हिप्पोकुरा नावाच्या राजधानीतल्या बालेओकुरोसचाही उल्लेख केला आहे. तो याच विळिवायकुरांपैकी एक असावा असं बरेच अभ्यासक मानतात.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. यांतली काही नाणी दोनदा ठोकलेली आहेत. नवा राजा आला की नवं शिसं आणायचं कशाला, जुन्याच नाण्यावर नवा ठसा मारायचा. शिसं मऊ, पण म्हणून खालचा ठसा पुरता मरतोच असं नाही. बाजूनं तिरपा उजेड टाकला की नव्या धनुष्याच्या खालून जुन्या धनुष्याची दोरी डोकावते, कडेला जुन्या नावाची दोन-तीन अक्षरं उरलेली दिसतात. वासिठीपुताच्या नाण्यांवर माढरीपुताचा ठसा मिळतो आणि माढरीपुताच्या नाण्यांवर गोतमीपुताचा. कोण आधी, कोण नंतर, याचा क्रम एकोणिसाव्या शतकातले पुरातत्त्व अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्यांनी यावरूनच लावला. या राजांची वंशावळ सांगणारा शिलालेख नाही, ताम्रपट नाही. जे काही कळलं ते शिशानं सांगितलं. पंडितजींचा संग्रह त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला आणि नाण्यांचे अभ्यासक रॅप्सन यांनी १९०८ साली तिथल्या सूचीत ही नाणी नीट नोंदवली.

हा क्रम डोळ्यांना दिसतो तो एका गावची नाणी शेजारी-शेजारी मांडली तरच. तिन्ही राजांची, मोठी आणि लहान, शिशाची आणि पोटीनची एका फळीवर ठेवा. आठवीतल्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. तीच नाणी धातूप्रमाणे वेगळी केली, वारसांनी वाटून घेतली किंवा 'देखणं तेवढं ठेवा' म्हणत बाकीची विकून टाकली, की पुन्हा ती गोष्ट जुळवता येत नाही. झिजलेलं, अक्षर न लागणारं नाणंही मी काढत नाही. जास्तीत जास्त हात त्यावरूनच फिरलेत.

मांडणीबद्दल मला फार कळकळीनं लिहायचं आहे, कारण नुकसान डोळ्यांदेखत होत आहे. एका शाळेत मी शिशाची नाणी पांढऱ्या गमनं प्लायवूडवर चिकटवलेली पाहिली. मुलांचा उत्साह खरा होता, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा आणि असले गम यांतून आम्लाची वाफ सुटत राहते. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल. आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात ती वाफ शिशाला खाते, वर पांढरी भुकटी येते आणि भुकटी झडली की तिच्याबरोबर अक्षरंही झडतात. सागवानी पेटीसुद्धा याला अपवाद नाही. शिशाचं नाणं काचेखाली धातूच्या किंवा काचेच्या तबकात ठेवा. घरी ठेवायचं तर साध्या पॉलिथिनच्या पिशवीत, ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी सोबत ठेवून, आणि त्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत मुळीच नको. चिंच, लिंबू, राख, ब्रश यांतलं काहीही लावू नका. आपल्या आयाबायांना तांब्याचा हंडा लख्ख करायची सवय असते, पण नाण्यावरचा काळपट थर हेच त्याचं चिलखत आहे. आणि शिसं विषारी असतं, तेव्हा मुलांनी नाणं हाताळलं तर हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नये.

मुलांनी हात लावायचाच, तर त्यासाठी मी लाकडात धनुष्याचं नाणं ताटाएवढं कोरलं आहे. डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलांनीही बोटांनी बाण ओळखला. असे पॅटर्न करणारे कारागीर आपल्या गावात आहेत, शाळांनी त्यांना बोलवावं. चिठ्ठ्या मराठी आणि कानडी दोन्हींत लिहाव्यात, कारण पाहायला येणारी मुलं दोन्ही माध्यमांची असतात आणि नाण्यावरची प्राकृत दोघांनाही सारखीच शिकावी लागते.

खोट्या नाण्यांपासूनही सावध राहायला हवं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या शेगडीवरही ओतता येतं. ओतीव नकलेच्या कडेला दोन साचे जुळल्याची रेघ असते किंवा ती कानशीनं घासलेली असते, आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी हवेची भोकं दिसतात. 'ठशावर ठसा' म्हणून विकायला आणलेल्या नाण्यावर ही भोकं दिसली तर घेऊ नका. जमिनीत नवीन काही सापडलं तर ते विकत न घेता जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. कायदाच तसा आहे, आणि मला तो योग्यही वाटतो. कळवलेल्या नाण्याचं गाव हरवत नाही.

आमच्या बेळगावातही वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्ती आहे. १९७०च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ती उजेडात आणली. त्या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल? त्या एका वस्तीतली नाणी, खापरं, विटा, जे काही मूळ किंवा प्रतिकृतीच्या रूपात मिळेल ते, शहरात एका दालनात कायमचं मांडलं जावं, अशी माझी महानगरपालिकेला आणि पुरातत्त्व खात्याला आपल्या पत्रातून विनंती आहे. शेजारी ब्रह्मपुरीचं एक कपाट असलं तर जुन्या काळच्या दोन वस्त्या एकमेकींसमोर ठेवून पाहता येतील. त्या कपाटासाठी माझी नाणी, सासऱ्यांच्या चिठ्ठ्यांसह, मी कायद्याप्रमाणे कागद करून विनामोबदला द्यायला तयार आहे. अट एकच: ती वेगळी करू नयेत.

तोवर ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची अशी शिशाची नाणी असतील त्यांनी ती कुठून आली, कुणी दिली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून कागदावर उतरवावं, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्यावं. ब्राह्मी अक्षरं लावायला कुणाला मदत हवी असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. काटा आणि भिंग घेऊन मी स्वतः येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
शहापूर, बेळगाव