ती टोपी रशियन नव्हे

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वॉर्सामधील लष्करी संचलनाचे छायाचित्र आले होते. खाली ओळ होती, 'रशियन धाटणीच्या टोप्या घातलेले पोलिश जवान'. पुणेरी पगडीला कुणी निजामी म्हणावे, तशातला हा प्रकार.

त्या टोपीला 'रोगातिव्का' म्हणतात. पोलिश भाषेत 'रुग' म्हणजे कोपरा, आणि शिंगही. फोटो निरखून पाहा. माथा चौकोनी आहे आणि त्याचा एक कोपरा बरोबर कपाळावर, गरुडाच्या बिल्ल्याच्या वर येतो. आमच्या घरात दोन पिढ्या टोप्या शिवल्या गेल्या, म्हणून सांगतो, गोल माथा बेतायला सोपा. चार कोपरे टोकदार राखायचे तर आत कडक अस्तर लागते, नाहीतर दोन पावसाळ्यांत टोपीचे गाठोडे होते.

1768 ते 1772 या काळात बार या गावी स्थापन झालेल्या संघाचे पोलिश सरदार रशियाच्या वर्चस्वाविरुद्ध लढले. मऊ, चौकोनी टोपी ही त्यांची खूण ठरली. पुढे उलान, म्हणजे भालाईत घोडेस्वारांनी तिला उंच आणि ताठ केले. 1808 मध्ये स्पेनमधील सोमोसिएरा खिंडीत नेपोलियनसाठी तोफांवर चालून गेलेल्या पोलिश स्वारांच्या डोक्यावर तीच होती. मग इतरांनाही मोह पडला. इंग्रज भालाईतांनी ती उचलली. गंमत अशी, की रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या ज्या तिघांनी पोलंड वाटून खाल्ला, त्यांच्या उलान पलटणीही तीच घालून मिरवल्या. उसनवारी झालीच असेल, तर ती रशियाने केली.

स्वतंत्र पोलंडने 1919 मध्ये ती गणवेशात घेतली, 1935 मध्ये तिचा ताठ नमुना आला. (स्वतंत्र पोलंडचे नेते, खुद्द मार्शल पिउसुद्स्की मात्र आपली साधी गोल टोपीच घालत.) दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीत सोव्हिएत वळणाची गोल टोपी आली. रशियन धाटणी म्हणायची तर तिला म्हणा! पोलंडच्या राजचिन्हातल्या गरुडाचा मुकुटही त्या राजवटीने काढला होता; 1990 मध्ये तो त्याला परत मिळाला आणि पाठोपाठ भूदलाला रोगातिव्का. नौदल आणि हवाई दल आजही गोल टोपीच वापरतात.

एवढे लिहायचे कारण, मी कोल्हापूरचा. इथून जवळच वळिवडेच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत फौजांनी घरातून उचलून सायबेरियाकडे धाडलेली ही माणसे. कित्येकांचे वडील, भाऊ पोलिश सैन्यात होते. महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या सैन्याच्या टोपीला निदान कोल्हापुरात येणाऱ्या अंकात तरी रशियन म्हणू नये.

दुरुस्ती छापाल तेव्हा फोटो जरा मोठा घ्या. गरुडाच्या डोक्यावरचा मुकुट दिसला पाहिजे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर