रोजनिशीच्या वहीला लाल पेन लागू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने मुलांचे सामाजिक-भावनिक शिक्षण महत्त्वाचे मानले आहे आणि राज्यात पहिली ते आठवीसाठी 2024 पासून ‘आनंददायी शनिवार’ हा शनिवारचा शालेय उपक्रमही आला आहे. त्या वेळेतली पंधरा-वीस मिनिटे रोजनिशीला द्यावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे; मात्र ती वही तपासली जाणार नाही, ही अट आधी मान्य व्हायला हवी.

आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की मागे राहिलेली मुले आजी-आजोबांच्या किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शाळा टिकवतात. वर्गात कुणी गप्प बसतो, कुणी उगाच मारामाऱ्या करतो, आणि आपण दोघांनाही ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा एकच शेरा देऊन मोकळे होतो. माझ्या वर्गातल्या पाचवीच्या एका मुलाने लिहिले होते, ‘आई फोनवर जेवलास का इचारती, कवा येणार ते सांगत न्हाई.’ त्यातले ‘इचारती’ मी लाल पेनाने दुरुस्त केले असते, तर पुढच्या शनिवारी ‘मला माझी आई आवडते’ असे शुद्ध आणि निरुपयोगी वाक्य मला मिळाले असते. तांड्यावरच्या बंजारा मुलांनाही त्यांच्या गोरमाटी बोलीतले शब्द वापरू द्यावेत, लहानांना चित्र काढू द्यावे. शुद्धलेखनासाठी भाषेचा तास आहेच. जे पान दुमडले असेल ते शिक्षकाने उघडायचे नाही, एवढा साधा नियम पुरतो. ‘आज कशाचा राग आला आणि मग तू काय केलंस?’ अशा प्रश्नाने मूल स्वतःच्या रागाकडे जरा लांबून पाहायला शिकते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सलग 4 दिवस 15 मिनिटे मनाला लागलेल्या प्रसंगांविषयी भावनांसह लिहिणारे विद्यार्थी लिहिल्यावर लगेच अधिक उदास झाले, पण पुढच्या 6 महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते, हे विसरून चालणार नाही. दहा वर्षांच्या मुलाला, विशेषतः ज्या घरात शेतकरी बापाने आत्महत्या केली आहे तिथल्या मुलाला, ‘सर्वांत दुःखद प्रसंग लिही’ असे कधीही सांगू नये.

दाखवलेल्या पानातून मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून ‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन न देता, ‘तुला धोका असेल तर मी मदत मागणार’ हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि 1098 हा मदत क्रमांक वहीच्या मुखपृष्ठावर लिहून द्यावा.

पाठ्यपुस्तकांत 2023-24 पासून ‘माझी नोंद’साठी जोडलेली कोरी पाने 2025 मध्ये काढून टाकण्याचा निर्णय झाला. ती पाने अभ्यासाच्या टिपणांसाठी होती. रोजनिशीसाठी मुलाच्या मालकीची वेगळी वहीच हवी. जिल्हा परिषदेने या हंगामात टोळ्या निघण्यापूर्वी हंगामी वसतिगृहांतल्या मुलांना शंभर पानी वही द्यावी, आणि त्या वह्यांचे अहवाल, नमुना पाने किंवा व्हॉट्सअॅपवर टाकण्यासाठी फोटो शाळांकडून मागवू नयेत, असे लेखी कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, धारूर (जि. बीड)