मीनल आणि कांजिण्या

प्रिय सुमे,

तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतोय, ते सोड. थोरल्याच्या चिंटूला कांजिण्या निघाल्यात आणि मीनलला आठवा लागलाय. पुरळ दिसायच्या आदल्या रात्री तो तिच्याच कुशीत झोपला होता. फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होते म्हणे. डॉक्टरीणबाई हे सांगत होत्या आणि माझे हातपाय गार.

जो येतो तो विचारतो, "बाळाला काही होणार नाही ना?" अगं, पण मीनलचं काय? बाळात व्यंग यायचा धोका मुख्यतः पहिल्या 20 आठवड्यांतला, तोही थोड्यांनाच. या दिवसांत बेततं ते आईच्या जिवावर. फुफ्फुसात उतरलं की न्यूमोनिया, आणि पोट वर चढल्यामुळे श्वास आधीच अपुरा. वन्सं म्हणतात, "कांजिण्याच तर आहेत, सगळ्यांना होतात." तू हवी होतीस. लग्नात तुमचं जे वाजलं, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत.

शरूला असंच झालं तेव्हा तू तिच्या उशाशी होतीस, म्हणून तुलाच लिहितेय. तिला एक वाक्य दोन दमांत बोलावं लागायचं. इथे कुणाला ते सांगायला गेले की, "नको ते बोलू नकोस."

मीनलला लहानपणी येऊन गेल्या का, हे विहीणबाईंना आठवेना. "हिला गोवर... की तो धाकटीला?" शेवटी रक्त तपासलं, प्रतिपिंडं नाहीत, म्हणजे या रोगाशी लढायची ताकद अंगात नाहीच! लस जिवंत विषाणूची, ती आता बाळंतपणानंतरच. लागण झाल्यापासून 10 दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन देतात, ते मिळालं. त्याने टळेलच असं नाही, आणि वर लक्ष ठेवायची मुदत 21 दिवसांवरून 28 वर गेली. पहिला फोड दिसला की लगेच फोन, 24 तासांच्या आत असायक्लोव्हिर, म्हणजे या विषाणूवरचं औषध. दवाखान्यात तडक जायचं नाही, बाहेर इतर पोटुशा बायका बसलेल्या असतात. आणि धाप लागली तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही.

मला होऊन गेल्यात, म्हणून सकाळ-संध्याकाळ तिची पाठ बघायचं काम माझ्याकडे. काल खांद्याखाली लाल ठिपका दिसला आणि मी किंचाळले. डास चावला होता! मीनल पोट धरून हसली, मी मात्र खाटेवर बसकण मारली.

बरं, हॉस्टेलात माझ्यामुळे तुला आल्या हे तुझं तुणतुणं आता बंद कर. लागण ते फोड, 10 ते 21 दिवस. तुझे फोड आधी, माझे दोन आठवड्यांनी. मांड हिशेब.

तुझं नवं ऑफिस कसं आहे? बंटीच्या निकालाचं कळलं, पेढे उधार. भावजींना नमस्कार.

रविवारी फोन कर, पण आधी मीनलला दे म्हण. आणि बाळाचं नंतर विचार, आधी तिला विचार रात्री झोप लागते का.

तुझी,
कुंदा